ट्विन हिकरी, इंडियाना

या गावाला वेस नाही.
पाटी एकच, दोन्ही बाजूंनी तेच नाव;
आत आलात की बाहेर पडलात, तुम्हीच ठरवा.

हिकरीचं झाड मुळात एकच होतं.
दुसरं पोस्टाच्या अर्जात उगवलं,
कारण नुसतं 'हिकरी' आधीच कुणीतरी घेतलं होतं.

पोस्ट गेलं. लोण्याचा कारखाना गेला.
शाळेत आता डेल्बर्ट यॉस्टचा ट्रॅक्टर,
फळ्यावर डिझेलचा हिशोब.

खानेसुमारीत आम्ही शेजारच्या टाउनशिपमध्ये मिसळतो,
ताकात पाणी मिसळावं तसे.
अर्मा स्टकी तेवढी वेगळं मोजते,
रविवारी, चर्चच्या वहीत, पेन्सिलीनं.

परवा तिनं अकरा लिहिले.
बाकांवर आम्ही दहा.

डेल्बर्टनं वही पाहिली,
टोपी घातली
आणि कबरींवरचं गवत कापायला गेला.