रेघोट्यांची दिशा

भराव असला की रेघोट्या रुळापासून बाहेर,
खोदाई असली की रुळाकडे, आत.
नकाशात एवढाच काय तो फरक.
पहिल्याच आठवड्यात मी घाईत उलट्या ओढल्या
आणि रुकडीचा वीस फुटी भराव
कागदावर चर होऊन बसला.

दस्तगीर मुजावर हसले नाहीत.
एकतीस वर्षं याच मार्गावर की-मन.
"खोडा," म्हणाले, "गाडी यायच्या आत."

वळिवड्यापासून आम्ही चालत निघालो.
मी उंची मोजायची,
ते बूट आपटून माती ऐकायचे.
"हितं काळी माती. हितं दगूड.
आन् हितं काय घातलंय
ते घालणाऱ्यालाच ठावं."
माझ्याकडे रकाने तीन: प्रकार, उंची, स्थिती.

गगनबावड्याच्या रस्त्याला
एक दगडी भिंत,
अख्खा उतार पाठीवर घेऊन.
अंगभर ओळीनं भोकं, भोकांतून पाणी.
मी लिहिलं: गळती, दुरुस्ती आवश्यक.
"गळती कुठली, पोरी.
रडणाऱ्या भिंतीला भ्यायचं न्हाई.
ऐन पावसात कोरडी दिसली
तर मातुर तिच्याखाली उभारायचं न्हाई."

गळती खोडली.
त्या जागी काय लिहावं, अजून सुचलेलं नाही.

शेवटच्या दिवशी, भरावाच्या पायथ्याशी,
पद्माक्का मगदूम यांनी दारातल्या खांबावर
बोट टेकवलं, स्वतःच्या डोक्याच्याही वर.
"हितवर आलं हुतं.
रुळापल्याड निम्मंबी न्हाई.
तुमच्या कागदावर आमी कुठल्या अंगाला?"
मी घर दाखवलं.
त्या वाकून बघत राहिल्या.
"ह्या बारक्या रेघा?"
उतार आहे तो, मी म्हटलं,
दोन्हीकडं सारखाच.
"रेघा सारख्या व्हय," म्हणाल्या,
"पाणी न्हवतं."

मी पट्टी खांबाला लावली,
त्यांच्या बोटाची उंची घेतली.
सूचीत तिला खूण नव्हती.
घराशेजारी पेन्सिलीनं एक टिंब दिलं,
कार्यालयात कुणी विचारलं तर
शाई सांडली म्हणता येणार नाही, एवढं ठळक.

पद्माक्कांनी चहा आणला.
मिरजेकडची पॅसेंजर वरून गेली,
बशीतल्या चहाला बारीक वलयं.
मुजावर कप हातात धरून तसेच उभे,
एक पाय भरावावर,
गाडी गेल्यावरही बराच वेळ
ऐकत.