शिवराक

शिरदोणला इनासच्या उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत
मोजून चाळीस पावलं.
आणि त्याचा मुलगा रोएल
सात वर्षं रोज शिवराक.
श्रावण नाही, कोरेज्म नाही, कसला नवस नाही.
बांगड्यात एक द्रव्य असतं, डाळीत असतं, दुधात असतं;
आपल्या रक्तातून ते मुकाट निघून जातं,
त्याच्या रक्तात साचतं,
साचलं की डोक्यात धुकं उतरतं.

त्या घरात काटा म्हणजे वजनाचा.
भात तोलून, बटाटा तोलून,
पोदेराचा पाव अर्धा, तोही रोज नाही.
पियेदाद हुमण करते
जावेच्या चुलीवर, दार लावून.

मी वर ताळगावच्या पठारावर.
एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
चेपणीचे तोर घेतले, खायलाच खरं तर.
अर्धी पिशवी संपल्यावर सुचलं,
उरलेल्या खाऱ्या पाण्याचा एक थेंब
ताटलीत पसरून पाहिला.
दोन दिवसांनी ते होते:
पांढरे, टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके.
मिठात तगलेले. आम्लात टाकले, तगले.
पित्तात बुडवून घरी गेले,
सकाळी दाटीवाटीने उभे.

असे कितीतरी आपल्या आतड्यात बिऱ्हाड करून असतात.
भाडं चुकतं करतात:
कोंडा आंबवतात, अस्तर लिंपतात,
परक्याला ओसरीवर टेकू देत नाहीत.
यांना फक्त एक काम जास्तीचं शिकवायचं होतं.

ते काम येणारा जनुक
भातशेतातल्या निळ्या शेवाळाचा.
चिखलात उतरावं लागलं नाही.
अक्षरं टाइप करून बेंगळुरूला पाठवली,
बारा दिवसांनी कुरियरवाल्याने सही घेतली.
नळीच्या तळाशी काहीच दिसत नव्हतं,
बिल दिसत होतं.
मग विजेचा झटका,
आणि लाखातल्या एखाद्याने ते पत्र गिळलं.
त्या एखाद्यापाशी पोचायला
मला तीन वर्षं लागली.

इनास महिन्यातून एकदा येतो
बांबोळीला रोएलचं रक्त देऊन झाल्यावर.
पिशवीत सहा बांगडे, माझ्यासाठी.
नको म्हटलं तर फ्रिजच्या दाराशी ठेवतो.
आत खाण्याच्या वस्तू ठेवू नयेत
अशी पाटी आहे, माझ्याच अक्षरातली.

उंदरांच्या रक्तात द्रव्य उतरलंय, मी सांगते.
उंदीर म्हणजे माणूस नव्हे, तेही सांगते, दर वेळी.
तो मान डोलावतो, आणि दर वेळी विचारतो,
उंदरांनी काय खाल्लं.

एकदा म्हणाला,
हा तुझा जीव पोटातून बाहेर पडला,
गटारातून झुआरीत गेला,
तर माझ्या जाळ्यात काय येईल?

मी म्हटलं, त्याची एक नस आम्ही तोडून ठेवलीय.
जगायला लागणारं एक द्रव्य त्याला आता स्वतः करता येत नाही.
कॅप्सूलमध्येच शिदोरी बांधून देऊ,
ती संपली की तोही संपला.

वीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस तो,
मुलाच्या आजाराचा फोन आला तेव्हा परतलेला.
ताटलीकडे बराच वेळ पाहत राहिला.
"म्हणजे घर सोडलें काय मेलो?"
हो.
"बिचारो."

मला यावर काही सुचलं नाही.
ताटली झाकली, उबेच्या कपाटात ठेवली.

परवा रोएल सोबत आला.
बोटाला कापूस, पायात मोठ्या भावाच्या चपला.
स्टुलावर चढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला
आणि हलेना.
"हे पोहतात?"
नाही रे. आहेत तिथेच असतात.
"शेपटी?"
नाही.
त्याने नीट पुन्हा पाहिलं,
बापाकडे वळला,
"नुस्तें न्हय तें, पाय.
मग म्हाका चलता."