चौथी शंकरपाळी

मोजायचं ते रात्री दीडनंतर,
उद्यमबागेतल्या भट्ट्या निजल्या की.
दिवसा त्यांचं कण्हणं तारांतून आत येतं
आणि पिकोअँपियर त्यात बुडून जातो.

तांब्याचा धारक पुंडलिक हलगेकरानं लेथवर काढून दिला.
एवढुसा? ह्यात ठेवणार काय गा?
नळी, म्हटलं. कार्बनची.
केसाचे पन्नास हजार भाग केले तर त्यातला एक, एवढी जाड.
त्यानं अंगठ्यानं कड चाचपली,
कच नव्हतीच, तरी पुन्हा घासली.
बोचायला नको तिला.

पहिली नळी मी मारली.
डिसेंबरात, नायलॉनचं स्वेटर अंगात,
बोटातून ठिणगी गेली ती मला कळलीही नाही.
आठ महिने.
हिरेमठ मॅडम काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी टेबलावर मनगटाला बांधायची तार होती,
दुसरं टोक जमिनीत.

आता दीड केल्विन.
गेटवर एकेक मिलिव्होल्ट चढवते.
शून्य. शून्य.
आत आहेत ते नव्याला रेटतात,
त्याच्याजवळ तेवढी ऊब नाही.
मग एका आकड्याला आतली पायरी
बाहेरच्या पातळीला येते
आणि एकच जण शिरतो.
प्रवाहाचं टोक उठतं, बसतं.
दार बंद.

मडिवाळप्पा वहीत लिहितो, मोठ्यानं मोजतो:
ओंदु. एरडु. मूरु.
मी मनात एक, दोन, तीन.
अजून कधी फरक आला नाही.

पडद्यावर ओळीनं उमटतात शंकरपाळ्या,
तीन लहान, चौथी मोठी.
एका पायरीवर चौघांची सोय:
फिरकीच्या दोन तऱ्हा,
नळीभोवती जायच्या दोन वाटा.
पाचव्याला वर चढावं लागतं.
ती चढण किती, एवढंच
आम्हाला हवंय.

तीन चाळीसला सातवीची कड
मधेच तुटून बाजूला सरकली.
ऑक्साइडच्या थरात कुठंतरी
एक इलेक्ट्रॉन येऊन बसला असणार,
आमच्या मोजणीत नसलेला.
हा कुणाचा, मडिवाळप्पानं विचारलं.
बाहेरचा, म्हटलं, आणि त्यानं तसं लिहिलंही.
मी वही ओढून शब्द खोडला,
लिहिलं: शेजारी बसलेला.

त्यानं वाचलं. चहाचा थर्मास उघडला.
मी गेट मागं घेतलं,
सहाव्यापासून पुन्हा.