पाच पाऊणे पावणेचार

एकोणिसाव्या मजल्यावरून तो दिसतो,
संध्याकाळी ताटाच्या कडेसारखा चकाकणारा.
सहा वर्षं मी त्याला नाला म्हणत आले.
पाहुण्यांनाही तेच सांगितलं,
वास आला तर खिडकी लावून घ्या.

मग सोसायटीच्या फळ्यावर कुणीतरी कागद टाचला:
मिठाचा कालवा, जुन्या चौकीत संग्रहालय,
दर दुसऱ्या रविवारी
दुपारी दोनपासून पाणी येईपर्यंत.
त्या ‘पाणी येईपर्यंत’साठी मी चप्पल घातली.

चौकी म्हणजे एकच खोली. पत्रा नवा, भिंत जुनी,
खालची हातभर मिठानं खाल्लेली.
दारात स्टुलावर दामोदर केणी,
महापालिकेच्या पाणीखात्यातले निवृत्त चावीवाले.
तीस वर्षं गल्ल्यांना गोडं पाणी सोडलं,
आता खारं सोडतात, बिनपगारी.
आत मिस्किटाबाई, चष्मा दोरीला बांधलेला.
प्रवेश मोफत,
पण पावती घ्यावीच लागते.

दात झिजलेलं लाकडी दाताळं. पडावाचा गंजका नांगर.
मापाची टोपली, तिच्यात आता छत्र्या.
आणि एक फोटो: डोक्यावर मीठ घेतलेल्या नऊ जणी,
मागच्या बाजूला शाईनं फक्त मुकादमाचं नाव.
मिस्किटाबाई चार वर्षं त्या नऊ जणींची नावं शोधतायत.
चार लागली.
पाचवीचं कपाळ ओळखीचं वाटतं म्हणून
भांडुपहून एक म्हातारी दोनदा येऊन बसून गेली.
नाव नाही आठवलं. चहा घेतला.

कुठून आलात, केणींनी विचारलं.
मी हात वर करून टॉवर दाखवला.
त्यांनी वर पाहिलंच नाही,
जमिनीवर पसरलेल्या नकाशावर बोट ठेवलं:
हां, म्हणजे बाराव्या खणात राहता.

बाहेर उघाडी. दोन दगडी खांब, मध्ये सागाची फळी.
नाव उघाडी, पण जन्म बहुतेक बंद राहण्यात गेला,
समुद्राला सांगण्यात, इथवरच.
आज पंचमी, केणी म्हणाले,
तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते.
पाच पाऊणे?
शाळा सोडल्यावर पहिल्यांदाच कुणी मला पाढा विचारला.
पावणेचार, मी म्हणाले, आणि उगाच लाजले.
त्यांच्याबरोबरचा कॉलेजचा पोरगा, निनाद, फोन बघून म्हणाला,
तीन बावन्न.
फोनला सांग, आज पंचमी आहे.

पावणेचार झाले. बावन्न झाली.
आम्ही सात माणसं एका कोरड्या चराकडे बघत उभी.
एक बगळाही उभा, तो आमच्यापेक्षा सवयीचा.
उशीर तिचा नाही, केणी म्हणाले,
खाडीत गाळ किती टाकलाय आपण.

चार वाजून दहा मिनिटांनी
आधी वेफर्सची रिकामी पिशवी आली,
मग थर्माकोलचा तुकडा,
मग त्यांच्या मागून, अंग चोरत,
करड्या रंगाची एक जीभ.
आयलं पानी, केणी पुटपुटले,
इतक्या हळू, की ते आमच्यासाठी नव्हतं.
निनाद गुडघाभर चिखलात उतरला, जाळीनं पिशवी काढली.
केणींनी चाक धरलं
आणि गिरक्या मोजू लागले.

पाणी आत जातं ते एवढ्याशा खणात,
आमच्या क्लबहाऊसच्या बॅडमिंटन कोर्टाएवढ्या.
मोसमाला दोन टोपल्या मीठ निघतं.
विकत नाहीत. फोटोतल्या ज्या बाईचं नाव लागेल
तिच्या घरी एक पुडी पोचवतात.

निघताना वही. नाव, पत्ता, अभिप्राय.
माझ्या वर कुणी लिहिलेलं: छान. खूप माहितीपूर्ण.
पंखा बसवावा.
मी लिहिलं: नाला नाही.
मिस्किटाबाईंनी चष्मा चढवून वाचलं, मान हलवली,
पत्ता राहिला, म्हणाल्या.

इमारतीचं नाव लिहिलं, विंग लिहिली.
बाहेर केणी अजून मोजत होते,
दहा, अकरा,
आणि मला पिनकोड
काही केल्या आठवेना.