पांढरे दात

पिल्लं सव्वा महिन्याची झाली
की मिल्का झुपानचिच एकेकाला मानेच्या कातडीनं उचलते,
अंगठ्यानं ओठ जरासा वर सारते.
दात पिवळे, हळकुंड मोडल्यावर दिसावेत तसे : हा धडधाकट.
दात तांदळाच्या कणीसारखे : हा त्यातला.

शेपटीचा तुकडा वरच्या मजल्यावर जातो.
जनुकाचा निकाल शुक्रवारी येतो.
मिल्काला सोमवारीच कळलेलं असतं.

उंदराच्या दाताचा पिवळेपणा लोखंडाचा.
यांच्या दातांना ते लागतच नाही.
जाहिरातीत शोभेल असं हसू,
आणि तराजूवर भावंडांहून सहा ग्रॅम कमी.
आतड्यात सगळं डिंकासारखं थिजतं,
म्हणून पाण्यात जुलाबाची पूड. ती रोज ढवळते, रोज लिहून ठेवते.
तरी सकाळी एखादं कोपऱ्यात, पोट फुगलेलं.

फुप्फुसं मात्र स्वच्छ.
नेमका तिथंच रोग हवा होता सगळ्यांना.
"मॉडेल अपुरं आहे," डॉक्टर फेअरचाइल्ड म्हणतात.
अपुरं कसं?
एवढंसं अंग. मावलं तेवढं घेतलंय की त्यानं.

बाहेर क्लीव्हलंडमध्ये बर्फ,
मागून मीठ टाकत जाणारे ट्रक.
मीठ इथलंच, एरी सरोवराच्या तळाखालचं.
तिचे वडील तिथं खाणीत उतरायचे.
आई धाकट्या लोइझेच्या कपाळाचा मुका घ्यायची,
ओठ चाटून म्हणायची, "खारट लागतो गं हा."
त्या दिवसापासून वडील
कपडे दाराबाहेरच काढायला लागले,
हात तीनदा धुवायला लागले,
आणि मुलाकडे लांबूनच बघायला.

पुढे डॉक्टरांनी समजावलं, खाणीचा काही संबंध नाही,
हे तुम्हा दोघांच्या रक्तातून आलंय.
वडिलांनी मान हलवली.
घरी येऊन हात धुतले.
लोइझे नऊ वर्षांचा होता, शेवटी शेवटी
उशांच्या ढिगाला टेकून बसूनच झोपायचा.

उंदराला कपाळावर घाम येत नाही.
फक्त तळपायांना, टिपूसभर.
मिल्कानं हे एकदा विचारून घेतलंय,
कशासाठी ते न सांगता.

पाळी संपते. हातमोजे डब्यात.
नळाखाली एकदा, दोनदा.
पिंजरा क्रमांक एक्केचाळीसमध्ये
पांढऱ्या दातांचा एकजण
कागदाच्या चिंध्यांचं घरटं करतोय,
दात घासून घासून,
ते लोखंडाचे असल्यासारखे.
ती नळ पुन्हा सोडते.