डावा सात, उजवा सहा

गोखले रोडला दुकान.
दहाला शटर वर, रात्री नऊला खाली,
आणि मधल्या अकरा तासांत
बसायची परवानगी फक्त
कुणाच्या तरी पायाशी.

उतरतं स्टूल, लाल रेक्झिनचं.
अलीकडे मी, पलीकडे अख्खा नौपाडा.
बिल्ल्यावर नाव अजून शर्वरीचं.
ती लग्न करून बदलापूरला गेली,
नव्या बिल्ल्याचे साठ रुपये पगारातून कापतात,
म्हणून मी शर्वरी.
गिऱ्हाईक हाक मारतं, मी वळते.
परवा घरी, टीव्हीतल्या कुणीतरी मारली
तर तेव्हाही वळले.

चेहरे राहत नाहीत लक्षात. पाय राहतात.
बँकेतल्या बाईंचा आत वळलेला अंगठा,
जून ते दिवाळी एक नंबर वाढणारी शाळकरी टाच,
नवी जोडवी, जुनी भेग,
आणि घाईघाईने मागे ओढलेला
भोक पडलेला मोजा.
(तो आपण बघत नाही. आपण डबा उघडतो.)

वर माळ्यावर वाहिद. छताला चौकोनी भोक.
मी ओरडते, "चारशे बारा, ब्राऊन, सहा!"
आणि डबा पडतो.
आजवर एकही हातून सुटलेला नाही.
वाहिदचा चेहरा दिसतो तो रात्री शटर ओढताना,
एरवी तो म्हणजे
मनगटापर्यंतचा एक हात.

त्या मंगळवारी एक बाई आल्या,
साठीच्या, एकट्या, विष्णूनगरहून चालत.
"काळी बेली. सात द्या."
उजव्याला सात बरोबर बसली.
मग त्यांनी पिशवीतून कापूस काढला,
आपण कंगवा काढतो तितक्या सहज,
आणि डाव्या बेलीत पुढे कोंबला.
माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
"लहानपणचा ताप. हा वाढायचा राहिला.
तुम्ही नवीन दिसता."

मी वर बघितलं.
"चारशे बारा, ब्लॅक, सहा. एकच काढ."
माळ्यावर शांतता.
"एकच?"
"एकच. डावा."

बाई दुकानभर फिरल्या.
आरशापाशी, बिलाच्या टेबलापाशी, परत आरशापाशी.
फरशीवर दोन्ही पाय सारखे वाजत होते.
त्यांनी एकदा थांबून ऐकलं,
मग पुन्हा चालल्या.
पैसे दिले, सुट्टे मोजून घेतले,
कापूस मात्र नीट घडी करून
पिशवीत परत ठेवला.
सवय.

रात्री माल मोजताना तो जोड उरला:
डावा सात, उजवा सहा.
धनेशभाई रागावले नाहीत. रागावले असते तर बरं.
वहीत सहाशे एकोणपन्नास लिहिले,
माझ्या खऱ्या नावापुढे.
तिथे शर्वरी चालत नाही.

"घेऊन जा, तुझाच आहे आता."
माझा नंबर चार.
मी नेला नाही. वाहिदने डबा माळ्याच्या कोपऱ्यात सारला
आणि वर पेन्सिलने लिहिलं:
गिऱ्हाईक येणार आहे.

तेव्हापासून हे असं.
जेवायची सुट्टी वीस मिनिटं, जेवण आठात उरकतं,
उरलेल्या बारात मी पायरीवर उभी राहून
फूटपाथ बघते.
रात्री लोकमान्यनगरच्या बसच्या रांगेतसुद्धा
माझी मान खालीच.
एवढं ठाणं, एवढी माणसं,
असेलच की एखादी,
डावा मोठा, उजवा लहान,
पिशवीत कापूस.
(माझेही पाय नऊनंतर एका मापाचे राहत नाहीत,
पण ते सकाळपर्यंत ताळ्यावर येतात.)

रविवारच्या गर्दीत भोकातून आवाज येतो,
"आली का गं ती?"
"नाही अजून.
चारशे बारा, ब्राऊन, पाच.
दोन्ही."