दुसऱ्याच्या वाटणीचं गवत

हे नाव मला दोन कोटी वॉनला पडलं.
रोख, जुन्या नोटा, थोंग्यॉंगच्या धक्क्यामागे.
प्यो मान-सिक. खलाशी होता.
दलाल म्हणाला, माणूस बुडाला, प्रेत मिळालं नाही,
कागद मात्र कोरडे आहेत.

दोन हिवाळे त्या नावाने मी कालवं फोडली.
शेडमध्ये सत्तावीस बायका, आणि मी.
मजुरी वजनावर.
आखूड पात्याची सुरी शिंपल्याच्या सांध्यात
नेमकी कुठे घालायची, हे मला शिकवावं लागलं नाही.
"हात बसलाय हो तुझा," बोंगन्ये पहिल्याच दिवशी म्हणाली.
"आधी कुठे होतास?"
खाटकाकडे, म्हटलं.
ती हसली नाही. मीठ पुढे सरकवलं.

नावाबरोबर काय काय येतं ते दलाल सांगत नाही.
दातांच्या डॉक्टरची थकलेली उधारी आली.
ग्रंथालयाचं पत्र आलं: पुस्तक एक, विषय मधमाश्या,
उशीर नऊ वर्षं.
जुन्या बाजारात तेच पुस्तक शोधलं, नेऊन दिलं.
बाईंनी शिक्का मारला, वर पाहिलंही नाही.
इतक्या सहज सुटलो की
पायऱ्यांवर थोडा वेळ बसून राहिलो.

मग ऑगस्टअखेर जाड पेनाने लिहिलेलं पाकीट:
चुसोक आला. थडग्यांवरचं गवत कापायला
या वर्षी तरी ये. धाकटी आत्या, हादोंग.

जायला नको होतं.
आमच्या धंद्यात सुपारी घेतात,
आमंत्रण घेत नाहीत.

उतारावर अकरा थडगी, हिरवी, गोल,
झोपेत गुडघे वर घेतल्यासारखी.
त्याचे चुलतभाऊ यंत्रं घेऊन आले होते. मी विळा मागितला.
मी ज्यांना पाठवलं ते कुठे पुरलेत, ठाऊक नाही.
काम झालं की वळून बघायचं नसे.
त्यांच्यावरही वाढलं असेल,
कोणी कापत असेल, किंवा नसेल.
दोनदा पालथा झालो. तांदळाची दारू, सुका मासा, नाशपाती.
कपाळ टेकलं तेव्हा मातीला डिझेलचा वास होता.

आत्या नाशपाती सोलत होती, साल न तोडता.
"मान-सिकला," ती हळूच म्हणाली,
"डाव्या कानाची पाळी नव्हती.
कुत्र्याने तोडली, सहा वर्षांचा असताना."

विळा हातात होता.
माझा हात आधी विचार करतो, मी मागून.
हाताने अंतर मोजलं. दोन पावलं, एक वळण.

तिने फोड पुढे केली, तळहातावर.
"त्याच्या वाटणीचं गवत नऊ वर्षं तसंच राहिलं.
पुढल्या खेपेला विळ्याला धार लावून आण."

पायथ्याशी राखाडी गाडी सकाळपासून उभी होती.
इंजिन चालू, काचा वर.
आतल्याची बसण्याची तऱ्हा मी ओळखतो,
दहा वर्षं मीही तसाच बसलो.

नाशपातीच्या दोन फोडी घेऊन खाली गेलो.
काच वाजवली.
पोरगा. बावीस-तेवीसचा. कान लाल झालेले.
किती ठरले? विचारलं.
बोलेना. मीच आकडा सांगितला,
माझा भाव मला माहीत होता.
"कमी," तो म्हणाला, आणि लाजला.

म्हटलं, वर म्हातारी आहे. तिच्यासमोर नको.
आणि विळा परत द्यायचाय.
फोडी बॉनेटवर ठेवल्या.

चढताना पाठ त्याच्याकडे होती.
इतकी उघडी पाठ मी आजवर कुणाला दिली नव्हती.
एक वळण. दुसरं.
खाली इंजिन बंद झालं.
मग दार.

वरून आत्या ओरडली,
"बरोबर कोणी आहे का रे?
सांग लवकर, भात टाकायचाय."